वाचकांचे प्रश्न : नायक बाजूला उभा असतो तेव्हा

अॅनिमेशनमधल्या अद्‌भुत कथांच्या मालिकांविषयी आम्ही गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेली बरीच पत्रे फिरून फिरून एकाच मुद्द्यावर येत होती : मुख्य पात्राला बाजूला सारून एखादा संपूर्ण भाग किरकोळ पात्राला दिला जातो, त्याचे करायचे काय? म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला वाहिले आहे. पत्रे जागेअभावी आटोपशीर केली आहेत. उत्तरांमध्ये काही कथांचे शेवट उघड होतात, तेव्हा ज्यांनी या मालिका अजून पाहिलेल्या नाहीत त्यांनी जपून वाचावे.

प्रश्न : माझ्या मुलीबरोबर मी ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ पाहतो आहे. दुसऱ्या पर्वात कथा ऐन रंगात आलेली असताना एक पूर्ण भाग अप्पा या उडणाऱ्या बायसनवर खर्च केला आहे. नायक आंग त्यात जवळजवळ नाहीच. मुलगी हमसून रडली. मला मात्र गाडी मध्येच थांबल्यासारखे वाटले. लेखकांना काही सुचत नाही तेव्हा अशी भरती केली जाते का?

उत्तर : मला आपल्या मुलीची बाजू अधिक पटते, पण आपली शंका उडवून लावण्यासारखी नाही, कारण भरतीचे भाग खरोखरच असतात आणि त्यांची वाईट आठवण प्रत्येक जुन्या प्रेक्षकाकडे असते. ज्याला आता सगळे ‘फिलर’ म्हणतात तो प्रकार विशेषतः जपानी मालिकांमुळे कुप्रसिद्ध झाला. तिथे पुष्कळशा मालिका नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथांवर बेतलेल्या असतात. दर आठवड्याला प्रक्षेपित होणारी मालिका छापील कथेच्या मागे धावता धावता तिला गाठते, आणि मग मूळ लेखकाला पुढे सरकायला अवधी मिळावा म्हणून मधल्या काळात काहीतरी दाखवत राहावे लागते. अशा भागात जे घडते त्याचा पुढच्या भागावर परिणाम होऊ देता येत नाही, कारण पुढचे सूत्र दुसऱ्याच्या हातात असते. फिलरची खरी खूण हीच आहे. नायक त्यात आहे की नाही, यावर काहीच ठरत नाही. कित्येक फिलर भागांत नायक पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत हजर असतो आणि तरीही काही घडत नाही.

‘अवतार’वर ही सक्ती नव्हती. मायकल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको यांनी ती तीन पर्वांची स्वतंत्र कथा म्हणून रचली. 2005 ते 2008 या काळात तिचे 61 भाग प्रक्षेपित झाले, त्यांपैकी दुसऱ्या पर्वाचे 20. त्या विसांतला सोळावा भाग म्हणजे आपण पाहिलेला ‘अप्पाज लॉस्ट डेज’. ज्यांना एकूण वीसच भाग मिळणार आहेत, ते त्यातला एक भाग न बोलणाऱ्या प्राण्याला सहजासहजी देणार नाहीत. दिला असेल तर त्यामागे हिशेब असला पाहिजे, असे गृहीत धरून मी तो भाग पुन्हा पाहिला.

दहाव्या भागात वाळवंटातले लोक अप्पाला पळवून नेतात. अकराव्या भागात आंगचा संताप असा उसळतो की त्याचे मित्रही भेदरतात. त्यानंतर शोध सुरू राहतो, पण आपल्याला दिसतो तो फक्त शोधणाऱ्यांचा शोध. हरवलेल्यावर काय गुदरते आहे, हे आपल्याला कुणी सांगत नाही, आणि खरे सांगायचे तर दोनतीन भागांनंतर आपण ते विचारायचेही विसरतो. सोळावा भाग काळ मागे नेऊन हा विसर उघडा पाडतो. आपल्याला गाडी थांबल्यासारखी वाटली, कारण ती ज्याला मागे सोडून पुढे आली होती त्याला घ्यायला परत गेली होती.

त्या भागाची वीण आगीच्या धाग्याने घातलेली आहे. अप्पा विकला जातो, हातोहात फिरत सर्कशीत पोहोचतो, आणि तिथला शिकवणारा त्याला आगीचा धाक दाखवून वठणीवर आणू पाहतो. तिथून सुटून तो भुकेलेला, थकलेला एका शेतकऱ्याच्या गोठ्यात शिरतो, तर घरची माणसे मशाली घेऊन धावून येतात. पुढे सुकी आणि तिच्या सहकारी योद्ध्या त्याला जखमी अवस्थेत शोधून काढतात, अंगात रुतलेले काटे उपटतात, धुऊनपुसून त्याला माणसात आणतात (बायसनाविषयी हा शब्द वापरल्याबद्दल क्षमा असावी, पण तिथे दुसरा शब्द सुचत नाही). इतक्यात शत्रुपक्षाची राजकन्या अझुला चाल करून येते. अप्पाने पळून जीव वाचवावा असे सुकीला वाटते, पण तो तिला सोडून जायला तयार नसतो. तेव्हा ती एक जळती फांदी उचलते आणि त्याच्याच अंगावर धावून जाते. आतापर्यंत ज्या ज्या हाताने त्याच्यासमोर आग धरली तो प्रत्येक हात शत्रूचा होता. आता मित्रानेच तीच आग त्याच्या भल्यासाठी धरली आहे, आणि हे त्याला समजावून सांगण्याचा कोणताही मार्ग नाही, कारण त्याला भाषा नाही. तो घाबरून उडून जातो. हा प्रसंग आंगच्या उपस्थितीत घडूच शकला नसता, कारण आंग असता तर अप्पाला घाबरावे लागलेच नसते.

अप्पाचा आवाज डी ब्रॅडली बेकर या कलावंताने दिला आहे, आणि त्या आवाजात हुंकार, गुरगुर आणि दमलेला श्वास यांपलीकडे काही नाही. बाकी सारे काम डोळे आणि कान यांच्या रेखाटनावर सोपवलेले आहे. पूर्वेकडच्या वायुमंदिरात पोहोचल्यावर गुरू पथिक त्याला भेटतात तेव्हा तो त्यांच्यावरही डरकाळी फोडतो. गुरू मागे हटत नाहीत आणि जवळही येत नाहीत. त्याचा राग ओसरेपर्यंत नुसते थांबून राहतात. मुलांसाठीच्या साहसकथेत नुसत्या थांबण्याला इतकी जागा देणे हे धाडसच म्हटले पाहिजे. प्राण्यांविषयीच्या संवेदनशील चित्रणासाठी अमेरिकेत दिला जाणारा जेनेसिस पुरस्कार 2007 साली या भागाला मिळाला. पण आपल्या मुलीचे अश्रू त्या पुरस्कारावर अवलंबून नव्हते.

प्रश्न : मग हा भाग वगळून पुढे गेले तर काही बिघडेल का?

उत्तर : बिघडेल. अप्पा शेवटी बा सिंग से नगराच्या दाई ली या गुप्त पहारेकऱ्यांच्या हाती लागतो, आणि अगदी पुढच्याच म्हणजे सतराव्या भागात त्याला बंदिवासातून सोडवणारा माणूस झुको असतो. आंगच्या मागावर असलेला हा राजपुत्र हाती आलेली शिकार का सोडतो, हा त्या पर्वातला कळीचा क्षण आहे. अप्पाने काय सोसले हे ठाऊक नसेल तर साखळ्या तुटल्याचे दिसेल, पण त्यांचे वजन कळणार नाही.

प्रश्न : त्याच पर्वातल्या ‘टेल्स ऑफ बा सिंग से’ या भागात सहा छोट्या गोष्टी आहेत. सगळे जण फक्त आयरोच्या गोष्टीविषयी बोलतात. इतर पाच गोष्टी इतक्या सामान्य आहेत का?

उत्तर : सामान्य नाहीत, हलक्याफुलक्या आहेत. आंगचा मित्र सोका काव्यवाचनाच्या बैठकीत शिरतो, ओळीतले अक्षर एक जास्त होते आणि त्याला उचलून बाहेर फेकले जाते. हा विनोद मला आजही आवडतो. पण आयरोची गोष्ट वेगळ्या जातीची आहे, आणि तिची बांधणी इतकी बेमालूम आहे की ती थोडी उकलून दाखवण्याचा मोह आवरत नाही.

आयरो हा झुकोचा काका. मालिकेत तोपर्यंत त्याचे काम पुतण्याला चहा पाजणे, शहाणपणाच्या चार गोष्टी सांगणे आणि प्रेक्षकांना हसवणे एवढेच दिसते. अगदीच किरकोळ पात्र त्याला म्हणता येणार नाही, पण तो दुसऱ्याच्या कथेतला माणूस आहे हे नक्की. या छोट्या गोष्टीत तो बाजारात एक टोपली विकत घेतो आणि गावभर फिरतो. एक लहान मूल रडत असते, त्याला तो वाद्य वाजवून, गाणे म्हणून हसवतो. चेंडू खेळणारी मुले खिडकी फोडतात, त्यांना तो चूक कबूल करण्याचा उपदेश करतो आणि घरमालकाचे धिप्पाड रूप पाहताच स्वतःच त्यांना पळा म्हणून सांगतो. मग एक तरुण त्याला लुटायला येतो, तर त्याची उभे राहण्याची ढब चुकते आहे हे दाखवून देऊन तो त्याला चहा पाजतो आणि त्याच्या मनातल्या इच्छेविषयी विचारपूस करतो. संध्याकाळी तो टेकडीवरच्या एका झाडाखाली पोहोचतो, टोपली उघडतो, आणि त्यातून युद्धात मेलेल्या त्याच्या मुलाची, लू टेनची तसबीर निघते. त्या दिवशी मुलाचा वाढदिवस असतो. सकाळी रडणाऱ्या मुलासाठी म्हटलेले गाणे तो पुन्हा म्हणू लागतो आणि त्याचा आवाज फुटतो.

पहिल्यांदा पाहताना हे सगळे एका प्रेमळ म्हाताऱ्याचे सहज घडत गेलेले प्रसंग वाटतात. दुसऱ्यांदा पाहताना माझ्या लक्षात आले की त्याला भेटणारी माणसे वयाने वाढत जातात. आधी तान्हेपणातून नुकते बाहेर आलेले मूल, मग खेळकर पोरे, मग वाट चुकलेला तरुण, आणि शेवटी, तरुणपणीच थांबलेला स्वतःचा मुलगा. त्या एका दिवसात आयरो मुलाला पुन्हा लहानाचा मोठा करतो, आणि ज्याला मदत करता आली नाही त्याच्यापर्यंत येऊन थांबतो. लेखकांनी हे ठरवून केले की कसे, यावर मी पैज लावणार नाही. पण क्रम तसा आहे.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. आयरोला आवाज देणारे ज्येष्ठ अभिनेते माको यांचे 21 जुलै 2006 रोजी निधन झाले, आणि हा भाग त्याच वर्षी 29 सप्टेंबरला प्रक्षेपित झाला. आयरोची गोष्ट त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेली आहे. तिसऱ्या पर्वात आयरोचा आवाज ग्रेग बाल्डविन यांनी दिला.

सहावी गोष्ट मोमो या छोट्या उडत्या लेमूरची आहे, तीही वगळू नका. ती मोमोला अप्पाच्या पावलाच्या ठशापर्यंत आणून सोडते, आणि तो त्या ठशातच अंग मुडपून बसतो. पुढचाच भाग अप्पाचा आहे. भरती करणारे लेखक दोन भागांचा सांधा इतका नेमका जुळवत नाहीत.

प्रश्न : पैसे वाचवण्यासाठी किंवा मुख्य कलाकारांना सुट्टी देण्यासाठी असे भाग काढले जातात, असे ऐकले आहे. खरे आहे का?

उत्तर : माणसे अभिनय करतात अशा मालिकांमध्ये पुष्कळदा खरे असते. ब्रिटिश मालिका ‘डॉक्टर हू’मधला 2007 सालचा ‘ब्लिंक’ हा गाजलेला भाग असाच आहे. नायकाच्या वाट्याला त्यात अगदी थोडे काम येते, कारण एकाच वेळी दोन भागांचे चित्रीकरण चालवायचे तर प्रमुख नट दोन्हीकडे पुरेसा वेळ देऊ शकत नाही. अॅनिमेशनमध्ये हे कारण लागू पडत नाही. चित्राला सुट्टी लागत नाही, आणि आवाजाचे ध्वनिमुद्रण थोडक्या वेळात उरकते. उलट खर्च वाढण्याचाच संभव अधिक, कारण नायकाचे रूप, त्याचे घर, त्याचे नेहमीचे रस्ते आधीच रेखाटून तयार असतात. किरकोळ पात्राला मध्यभागी आणायचे तर त्याचे हावभाव, त्याची खोली, त्याची माणसे हे सगळे नव्याने रेखाटावे लागते, आणि तो नमुना चित्र हलवणाऱ्या स्टुडिओकडे पाठवावा लागतो. ‘अवतार’च्या बाबतीत हे स्टुडिओ दक्षिण कोरियात होते.

प्रश्न : दुय्यम पात्राला मध्यभागी आणले की ते दुय्यम राहतच नाही. मग अशा भागाची गंमत कशात उरते?

उत्तर : आपण अगदी बरोबर जागी बोट ठेवले आहे. बहुतेक फसलेले भाग इथेच फसतात. लेखकाला किरकोळ माणसाची कीव येते, तो त्याला एका दिवसापुरता नायक करतो, त्याच्याकडून राक्षस मारवतो, आणि शेवटी गाव त्याचा जयजयकार करते. हे पाहताना आपण तीच नेहमीची कथा पाहत असतो, फक्त अंगरखा दुसऱ्याने घातलेला असतो.

ज्या भागात हे टाळले आहे त्याचे उदाहरण म्हणून मी ‘अॅडव्हेंचर टाइम’मधला ‘रूट बिअर गाय’ हा डिसेंबर 2013 मधला भाग सुचवीन. (‘गाय’ हा इंग्रजीतला माणूस आहे, आपली गाय नव्हे, आणि रूट बिअर हे नावाने बिअर असले तरी गोड पेय आहे.) पेंडल्टन वॉर्ड यांनी निर्माण केलेली ही मालिका 2010 ते 2018 या काळात चालली. तिचे भाग साधारण अकरा मिनिटांचे असतात, आणि संवादाचे बरेचसे लेखन स्टोरीबोर्ड (म्हणजे दृश्यांचा चित्रांतला कच्चा आराखडा) रेखाटणारेच करतात, त्यामुळे एखाद्या चित्रकाराला गर्दीतला एखादा चेहरा आवडला तर त्याची गोष्ट उभी राहायला तिथे वाव असतो. फिन हा मुलगा आणि जेक हा जादूचा कुत्रा हे नायक. प्रेक्षकाने साडेतीन वर्षांहून अधिक काळ सगळे काही त्यांच्याच खांद्यावरून पाहिलेले.

या भागाचा माणूस म्हणजे फेसाळत्या पेयाचा एक पेला. तो दिवसा फोनवरून विक्री करण्याच्या कचेरीत खर्डेघाशी करतो आणि घरी टाइपरायटरसमोर बसून रहस्यकादंबरी लिहू पाहतो. कादंबरी काही पुढे सरकत नाही. अशात त्याला फिन आणि जेक राजकन्या बबलगमला पळवून नेताना दिसतात. आपल्याला ठाऊक असते की हे दोघे सज्जन आहेत. त्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. तो त्यांच्या घरी कधी गेलेला नाही, त्यांच्या विनोदांवर कधी हसलेला नाही. त्याच्या दृष्टीने ते राजवाड्यात ऊठबस असलेले दोन दांडगट आहेत. तो पहारेकऱ्यांकडे जातो तर ते त्याला मोजतच नाहीत, बायको वैतागते, आणि तो एकटाच माग काढत राहतो. शेवटी उलगडा होतो की राजकन्येनेच पहारेकऱ्यांची परीक्षा घेण्यासाठी हे नाटक रचले होते. परीक्षेत पहारेकरी नापास होतात आणि हा कारकून उत्तीर्ण होतो.

यातली खुबी अशी की त्याच्यात कुठलेही छुपे सामर्थ्य निघत नाही. तो जे करतो ते कुणीही जागरूक शेजारी करू शकला असता. बदलते ते आपले नायकांकडे पाहणे. इतकी वर्षे ज्यांना आपण जवळचे समजत आलो ते रस्त्यापलीकडून कसे दिसत असतील, हे पहिल्यांदा कळते आणि थोडे अस्वस्थ व्हायला होते. या पात्राला आवाज दिलेले जॅक पेंडार्विस हे स्वतः लेखक आहेत, ही गोष्ट मला विशेष गोड वाटते.

राजकन्या त्याला पहारेकऱ्यांचा कप्तान नेमते, आणि इथे मालिकेने दाखवलेला प्रामाणिकपणा नोंदवण्यासारखा आहे. ही बढती पुढच्या आठवड्यात विसरली जात नाही. 2014 मधल्या ‘समथिंग बिग’ या भागात तो त्याच पदावर असताना लढाईत मारला जातो. 2015 मध्ये त्याच्या बायकोला, चेरी क्रीम सोडाला, तिचा स्वतंत्र भाग मिळतो. तोपर्यंत तिने दुसरे लग्न केलेले असते, आणि पहिला नवरा मातीने भरलेल्या रूपात परत येतो. कँडीच्या राज्यात राहणाऱ्या एका पेल्याच्या संसाराची ही परवड तीन पर्वांत विखुरलेली आहे. फिनला तिच्यातले फारच थोडे ठाऊक असेल.

याच मालिकेतला 2011 चा ‘थँक यू’ हा भाग तर याहून टोकाचा आहे. बर्फाचा एक राक्षस अग्निलांडग्याचे चुकलेले पिल्लू त्याच्या कळपाकडे पोहोचवायला निघतो. पिल्लू लाडाने अंगाला बिलगले की हा वितळतो. फिन आणि जेक कडेने येतात आणि जातात. दोन वाक्यांचे कथाबीज आहे, पण मायेची किंमत अंगाने मोजावी लागते हे इतक्या थेटपणे क्वचितच दाखवले गेले असेल.

प्रश्न : ‘माय लिट्ल पोनी : फ्रेंडशिप इज मॅजिक’ या मालिकेच्या शंभराव्या भागात गर्दीतल्या सगळ्या पोनींना एकत्र आणले होते. आपल्या कसोटीवर तो भाग उतरतो का?

उत्तर : अर्धा उतरतो. ‘स्लाइस ऑफ लाइफ’ हा तो भाग 13 जून 2015 रोजी प्रक्षेपित झाला. त्यात सहा मुख्य मैत्रिणी एका अजस्र अस्वल-माशीशी लढत असतात, आणि ती लढाई मागे कुठेतरी चाललेली असताना गावातले बाकीचे लोक एका लग्नाची तयारी करत धावपळ करतात, कारण निमंत्रणपत्रिकेवरच्या तारखेचा घोळ झालेला असतो. कल्पना झकास आहे. जगबुडीची लढाई पार्श्वभूमीला आणि मांडवातली तारांबळ पुढे, ही उलटापालट मला फार आवडते.

पण त्या भागाचा जन्म लेखकाच्या टेबलावर झालेला नाही, प्रेक्षकांच्या प्रेमातून झाला आहे, आणि ते जाणवते. त्यातल्या डर्पीचेच पाहा. 2010 मधल्या पहिल्याच भागात गर्दीतली एक राखाडी पोनी तिरळ्या डोळ्यांची दिसली. कुणाच्या तरी ते नजरेस पडले, चाहत्यांनी तिला नाव दिले, स्वभाव दिला, आणि निर्मात्यांनीही मग तिचे डोळे मुद्दाम तसेच ठेवायला सुरुवात केली. जानेवारी 2012 मध्ये एका भागात तिला पहिल्यांदा त्या नावाने हाक मारली गेली. ते नाव आणि ते चित्रण अपंगत्वाची टिंगल करणारे आहे, असा आक्षेप आल्यावर त्या प्रसंगाची नंतरची आवृत्ती बदलली : नाव गेले, आवाज बदलला, डोळेही सौम्य केले. शंभराव्या भागात ती पुन्हा बोलली तेव्हा श्रेयनामावलीत तिचे नाव मफिन्स असे होते.

इतका इतिहास पाठीशी असलेले पात्र पडद्यावर आले की जाणकार प्रेक्षक टाळी देतो, पण नव्या प्रेक्षकाला ती टाळी कशासाठी हे उमगत नाही. दीडदोन डझन पात्रांना वीसबावीस मिनिटांत एकेक क्षण द्यायचा म्हटल्यावर कुणालाच पूर्ण दिवस मिळत नाही. मेजवानी म्हणून तो भाग उत्तम आहे. आयरोच्या चार पावलांइतके मात्र त्यातले कुणीच चालत नाही.

प्रश्न : मी स्वतः मुलांसाठी एक अद्‌भुत मालिका लिहिते आहे. तिच्या सव्वीस भागांत एक द्वारपाल फक्त दोनदा दिसतो : एकदा तो नायिकेसाठी किल्ल्याचा दरवाजा उघडतो, आणि एकदा बंद करतो. त्याच्यावर एक पूर्ण भाग लिहावा असे वाटते. मी त्याला पदच्युत राजाचा हरवलेला मुलगा केला आहे. मसुदा काही जमत नाही. कुठे चुकते?

उत्तर : तो राजाचा मुलगा आहे, तिथेच चुकते. तो राजपुत्र निघाला की आपल्या कथेत एक राजपुत्र वाढतो आणि एक द्वारपाल कमी होतो, आणि आपल्याला लिहायचे होते ते द्वारपालाविषयी. ते रहस्य काढून टाका. जे आपल्याकडे आधीच आहे त्याचा विचार करू : त्याने दरवाजा दोनदा हलवला, आणि त्या दोन वेळांच्या मध्ये किती तरी रात्री गेल्या.

आपल्या पत्रावरून असे दिसते की पहिल्या वेळी त्याने वरिष्ठांची परवानगी न घेता दरवाजा उघडला. नायिका आत गेली आणि तिची कथा पुढे निघाली. त्याचे काय झाले? दुसऱ्या दिवशी पहाटे कुणीतरी हजेरीची वही उघडली असेल. त्याला खोटे लिहावे लागले असेल, किंवा खरे लिहून पगार गमवावा लागला असेल. नायिकेला याची गंधवार्ता नाही, आणि माझी विनंती आहे की शेवटपर्यंत असू देऊ नका. शेवटी तिने येऊन त्याचे आभार मानण्याचा प्रसंग आपल्या मसुद्यात आहे. तो मुलांना आवडेल हे मान्य, पण ते आभार मानले गेले की भाग पुन्हा तिचा होतो. ती त्याच्या भागात एकदाच यावी, घाईत, आणि त्याच्याकडे न पाहता निघून जावी. प्रेक्षक तिच्यावर किंचित रागावला तर बिघडत नाही. पुढच्या भागात ती त्याला परत जिंकून घेईलच.

त्याची अडचण त्याच्या मापाची ठेवा. राज्य वाचवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका. दरवाजाची बिजागरी करकरते, आणि त्या रात्री ती करकरली तर पहारा जागा होईल, एवढी अडचण अकरा मिनिटांना पुरते, बावीस मिनिटांनाही पुरेल. तेल कुठून आणायचे, ते मागताना कारण काय सांगायचे, दिलेले तेल पुरेल का, हे सगळे त्याचे डावपेच आहेत. आपल्या सव्वीस भागांतल्या तिसऱ्या भागात दरवाजा आवाज न होता उघडतो, आणि तिथे आपण त्याचे काहीच कारण दिलेले नाही. मी दोनदा वाचून पाहिले. तो भाग आता तसाच राहू द्या. नवा मसुदा आदल्या संध्याकाळपासून सुरू करा, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, रिकामी वाटी हातात घेऊन उभ्या असलेल्या द्वारपालापासून.